गोगलगायीला खायला काय द्यायचं?

(सामुदायिक रेडिओवर पावसाळ्यात झालेलं भाषण)



एरवी मी तुमच्याशी बचतीचं, कर्जफेडीचं, बँकेच्या कागदांचं बोलते. आजचा विषय ऐकून तुम्ही हसाल. आज आपण गोगलगायीच्या जेवणाबद्दल बोलणार आहोत.

पण हा विषय काही मी आणलेला नाही, तुमच्यातूनच आला. पाऊस सुरू झाल्यापासून गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, वही बंद झाली, की कुणी ना कुणी विचारतंच. "ताई, पोरानं बरणीत गोगलगाय आणून ठेवलीय. टाकू देत नाही, रडतंय. तिला खायला काय द्यायचं?" एक मावशी म्हणाल्या, "माझ्या नातवानं तिला भाजी-भाकरी घातली. सकाळी बघतो तर मेलेली." दुसऱ्या गावात एका ताईंच्या मुलीनं आठ दिवस नुसती काकडी दिली. आणि तिसऱ्या बैठकीत एक ताई चिडूनच बोलल्या, "तिचे लाड कशाला? आमचं सोयाबीन उगवलं तसं हिनंच खाल्लं."

या तिघींचंही म्हणणं खरं आहे. म्हणून आज तिघींनाही एकदमच उत्तर देते. लेकराला जीव लावायचा असेल तर लावू द्या. पण त्याआधी दोन गोष्टी बघायच्या. बरणीत आलेली गोगलगाय कोणती आहे, आणि तिच्या तोंडात आपण जे घालतोय ते तिला मानवतं का. खाऊ घालायचं म्हणजे आपल्याला आवडतं ते पुढं ठेवायचं नव्हे. ज्याच्या पोटात ते जाणार, त्याला काय पचतं हे बघायचं. लेकरू असो, म्हैस असो, नाहीतर गोगलगाय असो.

आधी ओळख. आपल्याकडं पावसाळ्यात बऱ्याच जातीच्या गोगलगायी दिसतात. बांधावर, पालापाचोळ्यात, दगडाखाली बारक्या बारक्या, चपट्या नाहीतर गोल शंखाच्या गोगलगायी असतात. काहींचा शंख हरभऱ्याच्या दाण्याएवढा, काहींचा चिंचोक्याएवढा. या बहुतेक कुजलेला पाला, बुरशी, शेवाळ खाऊन जगतात. शेताला त्यांचा फारसा त्रास नसतो.

दुसरी ती शंखी गोगलगाय. हिला ओळखायला चष्मा लागत नाही. शंख लांबट, टोकदार, भोवऱ्यासारखा निमुळता. रंग तपकिरी, त्यावर गडद पट्टे. मोठी झाली की तळहातावर मावत नाही. ही मूळची पूर्व आफ्रिकेतली. आपल्या देशात ती आली कशी, हे ऐकण्यासारखं आहे. विल्यम बेन्सन नावाचा एक गोरा साहेब होता, त्याला शंखशिंपल्यांचा नाद. 1847 साली त्यानं मॉरिशसहून या गोगलगायी कोलकात्याला आणल्या आणि तिथल्या एका बागेत सोडल्या. तिथून त्या पसरत गेल्या. रोपांच्या मातीतून, लाकडांच्या गाड्यांतून, नदी-नाल्यांच्या पाण्यातून. एका माणसाच्या हौसेपायी आलेला हा जीव आज देशभरातल्या शेतकऱ्यांच्या मानगुटीवर बसला आहे. 2022 च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात काय झालं, ते आपल्यातल्या कित्येकींनी डोळ्यांनी बघितलंय. उगवलेलं सोयाबीन रात्रीत कुरतडलं गेलं आणि लोकांना दुबार पेरणी करावी लागली. बियाण्याचा खर्च दोनदा, मजुरी दोनदा.

म्हणून पहिला नियम, तायांनो. शंख लांबट आणि टोकदार असेल तर ती गोगलगाय पाळायची नाही. नखाएवढं पिल्लू असलं तरी नाही. पोरगं कितीही रडलं तरी नाही. नक्की ओळखू येत नसेल, तर ती शंखीच आहे असं धरून चाला.

एकच तर आहे, एकटी काय करणार, असं कुणाला वाटेल. आपल्यात म्हण आहे ना, गरीब गोगलगाय अन् पोटात पाय. ती या जिवाला शब्दशः लागू पडते. गोगलगाय खरोखर पोटानंच चालते. आणि तिच्या पोटात आणखी एक गोष्ट असते. एकाच गोगलगायीत नर आणि मादी दोन्ही असतात. दुसरीशी एकदा जोडी जमली की ती बीज पोटात साठवून ठेवते आणि पुढं एकटी असली तरी अंडी घालते. शंखी गोगलगाय एका वेळी शंभराच्या वर अंडी मातीत घालते. दिसायला अगदी साबुदाणा. बरणीतली माती कुणी न बघता परड्यात उपडी केली, की पुढच्या पावसाळ्यात आपल्याच वांग्यावर, मिरचीवर, शेजारणीच्या सोयाबीनवर ती फौज.

बरं, लेकराला सांगायचं कसं? दटावून नका सांगू. खरं कारण सांगा. "बाळा, ही बाहेरून आलेली आहे, हिच्यामुळं मामाचं शेत गेलं, म्हणून हिला आपण ठेवू शकत नाही. आपण दुसरी बारकी शोधू." पोरांना खरं सांगितलं की कळतं. शंखी घरात आलीच असेल तर तिला नाल्यात सोडू नका आणि शेजारच्या बांधावर फेकू नका. हातात प्लास्टिकची पिशवी घालून उचला, मिठाच्या नाहीतर साबणाच्या पाण्यात टाका आणि नंतर खड्ड्यात पुरा. हे काम मोठ्या माणसानं करायचं, लेकराच्या डोळ्यांसमोर नको.

आता येते आपली बारकी, चपट्या शंखाची गोगलगाय. शाळेच्या प्रकल्पासाठी म्हणा, हौसेपोटी म्हणा, लेकरानं ती चार-आठ दिवस ठेवली तर हरकत नाही. मग तिच्या ताटात काय वाढायचं?

त्यासाठी आधी तिचं तोंड कसं असतं ते समजून घ्या. गोगलगायीला आपल्यासारखे दात नसतात. तिची जीभ असते कानशीसारखी. लोहाराच्या कानशीवर कशा बारीक धारा असतात, तशा तिच्या जिभेवर हजारो बारीक दातांच्या ओळी असतात. ती चावत नाही, खरवडते. म्हणून तिला मऊ, ओलसर, रसाळ खाणं लागतं. वाळलेला टणक तुकडा तिच्या कामाचा नाही. रात्री शांत बसून कान दिला, तर तिनं पान खरवडल्याचा बारीक आवाजही ऐकू येतो. पोरांना ही गंमत जरूर दाखवा.

तिचं सगळ्यात पहिलं आणि सगळ्यात स्वस्त खाणं म्हणजे जिथून ती उचलली तिथलाच पालापाचोळा. झाडाखालचा ओला, अर्धवट कुजलेला पाला, शेवाळ धरलेली एखादी काटकी. दोन मुठी पाला बरणीत टाका. बारक्या गोगलगायीला बाजारातून काही आणायची गरजच पडत नाही.

त्याच्या जोडीला घरातली भाजी. दोडका, घोसाळं, पडवळ, दुधी यांचा पातळ काप. लाल भोपळ्याची फोड. गाजराचा किस. रताळ्याची पातळ चकती. कोबीचं पान, मुळ्याचा पाला, शेवग्याचा कोवळा पाला. काकडीही द्या. तिला ती फार आवडते, पण काकडीत बहुतेक पाणीच असतं. नुसत्या काकडीवर ठेवणं म्हणजे लेकराला दोन्ही वेळ नुसतं ताकाचं पाणी देण्यासारखं. पोट भरल्यासारखं वाटतं, अंगी काही लागत नाही. म्हणून दोन दिवस काकडी, तर दोन दिवस भोपळा, मग एखादं पान, असं आलटून पालटून द्या.

फळ द्यायचं तर थोडंसं. पिकलेल्या पपईची, केळ्याची नाहीतर सफरचंदाची नखाएवढी फोड, आठवड्यातून एखादवेळी. गोड फळ लवकर आंबतं, त्यावर चिलटं येतात.

आठवड्यातून एकदा भिजवलेल्या मूगडाळीचं चिमूटभर वाटण पानावर लावून ठेवा. वाढत्या जिवाला थोडी प्रथिनं लागतात. पण चिमूटभरच, आणि सकाळी उरलेलं काढून टाकायचं.

खाण्याची आणखी एक मजा सांगते. तुम्ही तिला गाजर दिलंत की तिची विष्ठा नारिंगी होते, हिरवं पान दिलंत की हिरवी. आज काय दिलं आणि उद्या कोणता रंग दिसला, हे लेकराला वहीत लिहायला लावा. विज्ञानाचा अभ्यास आपोआप होतो, आणि आपल्यालाही कळतं की तिनं खाल्लं की नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तिचा शंख. गोगलगायीचं घर तिच्या पाठीवर असतं आणि ते चुनखडीचं, म्हणजे कॅल्शियमचं बनलेलं असतं. ती वाढते तसा शंखही वाढवावा लागतो. खाण्यात कॅल्शियम कमी पडलं की शंख पातळ होतो, त्याला चिरा जातात, पांढरे खवले सुटतात. ओल्या भिंतीला गोगलगायी का चिकटून बसतात, असं वाटतं ना? भिंतीचा चुना, सिमेंट त्या खरवडून खातात. शरीर मागतं म्हणून.

मग कॅल्शियम द्यायचं कुठून? त्याला पैसा लागत नाही. अंड्याचं टरफल घ्या. ते जवळजवळ सगळं कॅल्शियमच असतं. पाण्यानं धुवा, 10 मिनिटं उकळा, कडक उन्हात वाळवा आणि खलबत्त्यात कुटून पीठ करा. उकळायचं का, तर टरफलाला कोंबडीची घाण लागलेली असते, त्यातून लेकराला जुलाब होऊ शकतात. हे पीठ चिमूटभर बरणीच्या एका कोपऱ्यात टाका, हवं तेव्हा ती खाईल. अंडी न खाणाऱ्या घरात समुद्रफेसाचा तुकडा चालतो. पिंजऱ्यातल्या पोपटाला लावतात तोच. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो.

पण पानाला लावायचा चुना मात्र अजिबात द्यायचा नाही. कुणी म्हणेल, चुना तो चुनाच. तसं नाही. विड्याचा चुना दाहक असतो. आपली जीभसुद्धा त्यानं भाजते, मग गोगलगायीच्या नाजूक, ओल्या अंगाचं काय होईल?

कॅल्शियमवरून आठवलं. काही भाज्या अशा असतात की त्यांतलं आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवतं, अंगी लागू देत नाही. पालक, चुका, घोळ, राजगिरा या त्या भाज्या. चुकून एखादं पान पडलं तर काही बिघडत नाही, पण रोज देऊ नका. अळूचं पान तर नकोच. आपला घसा ज्यानं खवखवतो ते तिला कशाला?

आणि तायांनो, गोगलगायीच्या कॅल्शियमचा एवढा विचार करतोय तर आपल्या हाडांचाही करूया. चाळिशी ओलांडली की गुडघे कुरकुरतात, कंबर धरते. घरात नाचणी आहे, तीळ आहेत, परड्यात शेवगा आहे. या तिन्हींत भरपूर कॅल्शियम असतं. गोगलगायीला भिंत खरवडायची अक्कल आहे. आपण मात्र सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेल्या भाकरीच्या तुकड्यावर जेवण भागवतो.

आता काय द्यायचं नाही ते नीट ऐका. हे मनात ठेवलंत तरी अर्धं काम झालं.

पहिलं म्हणजे मीठ. गोगलगायीचं अंग ओलं असतं, त्यावर आपल्यासारखी जाड कातडी नसते. मीठ लागलं की अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि ती तडफडून मरते. मीठ नुसतं मिठाच्या बरणीत नसतं. ते भाजीत असतं, आमटीत, चपातीत, फरसाणात, बिस्किटात, लोणच्यात आणि सुकटीत असतं. मावशींच्या नातवानं प्रेमानं भाजी-भाकरी घातली आणि ती मेली, त्याचं कारण बहुधा हेच असणार. शिजवलेलं, फोडणीचं, तेलातुपाचं काहीही तिला नको.

दुसरं, तिखट आणि आंबट. कांदा, लसूण, मिरची, लिंबू, संत्रं, चिंच, टोमॅटो. तिला देऊ नका.

तिसरं, दूध, साखर, चहा. पोरं लाडानं बशीत दूध ठेवतात. ती काही मांजर नाही. ते दूध आंबून वास मारायला लागतं, एवढाच त्याचा उपयोग.

चौथं, हिरवा पडलेला नाहीतर कोंब आलेला बटाटा, आणि धोतरा, कण्हेर, रुई यांची पानं. गोगलगाय ती खाईल की नाही हा पुढचा प्रश्न. मुळात अशी विषारी पानं लेकराच्या हाताळण्यात येऊच नयेत. तीच बोटं मग तोंडात जातात.

पाचवं, आणि याच्यावर मला थोडं थांबायचंय. फवारणी केलेला पाला. पोरं शेतात जातात, दिसेल ते पान तोडून आणतात. आदल्या दिवशी त्या कोबीवर नाहीतर वांग्यावर काय मारलंय, ते त्यांना ठाऊक नसतं. काही औषधं पानाच्या वरच राहतात, धुतल्यावर बरीचशी निघून जातात. पण काही औषधं आंतरप्रवाही असतात, म्हणजे ती झाडाच्या रसात उतरतात. ती कितीही धुतली तरी जात नाहीत, काही दिवस जाऊ द्यावे लागतात. प्रत्येक औषधाच्या डब्यावर, चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, फवारल्यावर किती दिवसांनी भाजी काढायची. ते दिवस पाळायचे.

आता मला सांगा, गोगलगायीला फवारलेलं पान द्यायचं नाही म्हणून आपण लेकराला सांगतो. मग त्याच वाफ्यातली मेथी संध्याकाळी त्याच्या ताटात कशी वाढायची? हा प्रश्न एखाद्या लेकरानं विचारला तर तुमच्याकडं उत्तर असायला हवं. घरच्या खाण्यापुरता एक वाफा बिनफवारणीचा ठेवा. परसबागेचं आपण गटात कितीदा बोललोय. तोच वाफा लेकराच्या ताटाला, आणि त्यातलंच एक पान गोगलगायीला.

फवारणीचं निघालंय तर गोगलगाय मारायच्या औषधाचंही सांगते. शेतात शंखी फार झाली की मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकतात. दिसायला त्या दाण्यासारख्या असतात. कुत्रं ते खातं, कोंबड्या टिपतात आणि मरतात. लहान मूल तोंडात घालू शकतं. गोळ्यांचा पुडा घरात उंचावर, कुलपात ठेवायचा. वापरायच्या तर कृषी खात्याच्या माणसांना विचारून, सांगितलेल्या मापातच. गोळ्या टाकलेल्या शेतातल्या गोगलगायी वेचून कोंबड्यांना घालायच्या नाहीत, आणि अशा शेतातून लेकरानं गोगलगाय उचलून आणायची नाही. कुणाच्या पोटात गोळी गेलीच तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. औषधाचा पुडा हातात घ्या आणि थेट दवाखाना गाठा.

गोळ्यांच्या आधी करून बघण्यासारखा बिनविषारी उपाय आहे. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी बांधावर ठिकठिकाणी अंथरायचं. रात्रीत शंखी त्याखाली गोळा होतात. सकाळी पिशवी हातात घालून वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. एकटीनं केलं तर शेजारच्या शेतातून पुन्हा येतात. गटातल्या सगळ्या बायकांनी एकाच आठवड्यात आपापले बांध धरले तर फरक पडतो. हे काम पहिल्या-दुसऱ्या पावसातच करायचं, अंडी पडायच्या आत.

आता परत आपल्या बारक्या गोगलगायीकडं. तिचं घर कसं ठेवायचं? प्लास्टिकचा नाहीतर काचेचा डबा घ्या. झाकणाला दाभणानं बारीक भोकं पाडा, पण एवढीच की ती बाहेर येणार नाही. तांब्याच्या भांड्यात ठेवू नका, तांबं तिच्या अंगाला मानवत नाही. तळाशी दोन-तीन बोटं ओलसर माती, तीही बिनखताची, बिनफवारणीची. वर पाला. माती पिळल्यावर पाणी गळू नये, हाताला ओल मात्र लागावी. वाळली की दोन चुळा पाणी शिंपडा. टीसीएल टाकलेलं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवून सकाळी वापरा. डबा सावलीत ठेवा, उन्हात नाही आणि चुलीजवळही नाही.

खाणं संध्याकाळी द्यायचं, कारण ती रात्रीची हिंडते. उरलेलं सकाळी काढायचं. हा एक नियम पाळला तर वास नाही, चिलटं नाहीत, बुरशी नाही. दोन दिवस ती शंखात शिरून बसली, तोंडाला पापुद्रा धरला, तर मेली असं समजू नका. हवा कोरडी झाली की ती तशी झोपते. थोडं पाणी शिंपडा, बहुतेक वेळा तासाभरात शिंगं बाहेर येतात.

आता आयांनी कान देऊन ऐकायची गोष्ट. गोगलगायीला हात लावला की साबणानं हात धुवायचे. प्रत्येक वेळी, न चुकता. तिच्या अंगात, खास करून शंखीच्या अंगात, उंदरांकडून आलेला एक बारीक कृमी असू शकतो. तो माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. कच्ची गोगलगाय खाल्ल्यानं, किंवा न धुतलेल्या कच्च्या भाजीवर एखादी बारकी गोगलगाय नाहीतर तिचं पिल्लू राहून गेल्यानं हे होतं. घाबरायचं कारण नाही. गोगलगायीला हात लावल्यावर साबण, आणि पावसाळ्यात कोशिंबिरीची पानं, कोथिंबीर, मुळा एकेक पान सुटं करून वाहत्या पाण्याखाली धुणं. एवढं पाळलं की झालं. ज्या सुरीनं, ज्या ताटलीत तिचं खाणं कापता ती वेगळी ठेवा. तोंडाजवळ नेऊन तिचा मुका घ्यायचा नाही. लेकरं घेतात, म्हणून सांगते. आणि रांगत्या बाळाच्या हाताला लागेल असा डबा ठेवायचा नाही.

आठ दिवस झाले, लेकराची हौस फिटली, की तिला जिथून आणली तिथंच, त्याच झाडाखाली सोडायची. दुसऱ्या गावात नाही, मामाच्या मळ्यात नाही. बेन्सन साहेबानं केलं ते आपण करायचं नाही. डब्यातली माती बघायची. साबुदाण्यासारखी अंडी दिसोत न दिसोत, त्या मातीवर उकळतं पाणी ओतायचं आणि मगच ती टाकायची. डबा साबणानं धुवायचा.

लेकरू रडेल. रडू द्या. चार दिवस एका मुक्या जिवाची वेळ पाळली, त्याला काय सोसतं आणि काय नाही हे बघितलं, त्याचं ताट रोज साफ केलं, आणि शेवटी त्याला त्याच्या जागी परत नेऊन सोडलं. हे शिक्षण पुस्तकातून मिळत नाही. उद्या हेच पोरगं गोठ्यातल्या वासराची आणि घरातल्या म्हाताऱ्या आजीच्या पथ्याची काळजी घेणार आहे. आणि हे काम फक्त मुलीवर टाकू नका बरं का. गोगलगायीचं ताट मुलाला धुवू द्या. सवय लागली तर पुढं त्याच्या बायकोला बरं पडेल.

येत्या बैठकीत वही बंद करण्याआधी 10 मिनिटं काढा आणि तीन गोष्टी ठरवा. एक, आपल्या गटातल्या कुणाच्या घरी लांबट शंखाची गोगलगाय डब्यात आहे का, ते विचारा आणि तिचा बंदोबस्त करा. दोन, गोणपाटं आणि गूळ घेऊन एकाच आठवड्यात सगळ्यांचे बांध कधी धरायचे, तो दिवस ठरवा. तीन, प्रत्येकीच्या परड्यात बिनफवारणीचा एक वाफा, मग तो खाटेएवढा का असेना, या पावसाळ्यात लागलाच पाहिजे. शेवग्याची एक फांदी बांधावर खोवायला पैसे लागत नाहीत.

आणि हो, अंड्यांची टरफलं उकिरड्यावर टाकू नका. वाळवून, कुटून ठेवा. गोगलगायीला लागली तर तिला, नाहीतर गुलाबाच्या, मिरचीच्या बुंध्याशी.

तुमचे प्रश्न बैठकीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी उत्तरं देईन. पुढच्या वेळी मात्र आपला नेहमीचा विषय, कर्जाच्या हप्त्यांचा. तोही गोगलगायीच्या गतीनं चालत असेल तर आधीच सांगून ठेवा.

येते मी. नमस्कार.